आतून कडी लागणारी खोली

ताईंना काही विचारलं की दोन उत्तरं मिळत, आणि दोन्हींवर त्यांचा सारखाच विश्वास असे. आमच्या वॉर्डात एक नवी सिस्टर होती. तिच्या घरी स्थळ आलं होतं. सकाळी औषधांची ट्रॉली ढकलताना तिनं ताईंना विचारलं, "दीदी, शादी कर लूँ क्या?"

"कर ना बाप्पा. काहून थांबून राहिली? ड्यूटीवरून रिकाम्या घरी जाऊन काय भिंतीसोबत बोलशील?"

पोरगी खूश झाली. दुपारी कॅन्टीनमध्ये ताई स्वतःहून तिच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "नको करू. भिंत निदान ऐकून तं घेते." आणि डबा घेऊन निघून गेल्या. ती पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला काय सांगणार? मी दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होते आणि मलाही अजून त्या बाईचा पत्ता लागला नव्हता.

रायपूरच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात, बायकांच्या सर्जरी वॉर्डात, त्या इन्चार्ज होत्या. सगळे त्यांना 'दीदी' म्हणत. मी एकटी 'ताई' म्हणत असे, कारण आम्ही दोघी मराठी. माझे बाबा रेल्वेत, मूळचे गोंदियाकडचे. ताईंचं माहेर वर्धेचं, सासर इथलं, ब्राह्मणपाऱ्यातलं. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, भरभर चालणारी बाई. कामात दोन मतं नसत. कोणत्या पेशंटला कधी काय द्यायचं, कोणाची जखम कधी उघडायची, तिथं एकच उत्तर, आणि तेही तुम्ही विचारायच्या आधी. दोन मतं फक्त जगण्याच्या बाबतीत.

डबा त्या उभ्यानं खात, खिडकीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ. आणि ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, काहीही असो, थोडा वेळ चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेत. कोणी म्हणे पूजा करतात, कोणी म्हणे डुलकी काढतात. एकदा मला घाईनं चादर हवी होती म्हणून मी दार ढकललं. ताई चपला काढून धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. हातात फोन नाही, डोळे उघडे.

मी घाबरले. "काय झालं ताई?"

"काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "तेच पाहून राहिली."

जर्मनीचं खूळ माझं होतं, त्यांचं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळ्या ब्राह्मणपाऱ्यात उलटंच पसरलं. माझ्याबरोबर शिकलेल्या दोन मुली तिकडे नर्स म्हणून गेल्या होत्या. मलाही जायचं होतं. त्यासाठी आधी भाषा, मग तिथल्या दवाखान्याची मुलाखत, मग आपलं शिक्षण त्यांच्या हिशोबात बसतं का याची तपासणी, आणि मग कामाचा व्हिसा. भाषेचा क्लास तेलीबांध्याला, तलावाच्या पलीकडे एका नव्या इमारतीत, संध्याकाळचा. बाबा मला जर्मनीला पाठवायला तयार होते, पण संध्याकाळी तेलीबांध्याला एकटीला पाठवायला तयार नव्हते. मी हे वॉर्डात रडतरडत सांगितलं.

"मी जाते हिच्यासोबत," ताई म्हणाल्या. "आमच्या घरी तसंही त्या वेळी टीव्हीवर सगळे भांडत असतात."

क्लासात त्या मागच्या बाकावर बसत आणि पिशवीतून आणलेला लसूण सोलत. शिकवणारी मुलगी रायपूरचीच, माझ्याच वयाची. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं की जर्मनमध्ये होकार द्यायला 'या' म्हणतात. ताईंचा हात थांबला.

"हो म्हणायले 'या' म्हणतात? म्हणजे हे लोक बोलावूनच राहिले ना वं!"

"आंटी, आप भी बोलिए ना," ती मुलगी म्हणाली.

"हव," ताई म्हणाल्या. ताईंच्या तोंडात होकारासाठी छत्तीसगढी 'हव'च बसलेलं होतं. पुढे परीक्षेतसुद्धा त्यांनी तोंडी प्रश्नाला एकदा 'हव' म्हटलं, आणि समोरच्या परीक्षकाला ते काहीतरी जर्मनच वाटलं. महिन्याभरात लसूण येणं बंद झालं आणि वही आली. मला वाटलं, बसल्या बसल्या करमत नसेल. मी एका परीक्षेत अडकले, परत बसले. ताई सरळ पार. मग एक दिवस क्लास सुटल्यावर, गाडीला किल्ली लावताना, त्या सहज म्हणाल्या, "मीबी नाव टाकलं आहे."

"कशात?"

"ज्याच्यात तू टाकलं त्याच्यात."

मला आनंद व्हावा की काय व्हावं तेच कळेना.

मुलाखत ऑनलाइन होती. आम्हाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात बसून एकेकीनं द्यायची. तिथल्या माणसानं आम्हाला उत्तरं पाठ करून दिली होती. जर्मनीला का यायचं आहे? तुमची आरोग्यसेवा उत्तम आहे, मला नवं तंत्र शिकायचं आहे, वगैरे. मी ते घडाघडा म्हटलं. ताईंची पाळी आली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवरच होते. पडद्यावर तिघं जण. एका छोट्या गावातल्या दवाखान्याचे. त्यातल्या वयस्कर बाईनं तोच प्रश्न विचारला.

ताईंनी विचार केला. मग त्यांच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही राहायला खोली देता असं लिहिलं आहे. त्या खोलीला आतून कडी लागते का?"

बाईला समजलं नाही. ताईंनी हातानं करून दाखवलं. असं दार, असं ओढायचं, अशी वरची कडी, खट्. एजन्सीच्या माणसानं कपाळाला हात लावला. पडद्यावरची बाई चष्मा काढून म्हणाली, किल्लीसुद्धा मिळेल.

"मग मले यायचं आहे," ताई म्हणाल्या. "काम मी चांगलं करते."

आमची दोघींची निवड झाली.

त्या दिवसापासून वॉर्डात एकच चर्चा. कोणी म्हणे नवऱ्याशी भांडण आहे. कोणी म्हणे सासरच्यांनी छळलं असेल. कोणी म्हणे वय झालं की बायकांना असं होतं. मी स्वतः त्यांच्या घरी जेवून आले होते. ब्राह्मणपाऱ्यातलं अरुंद घर, तीन भावांचं एकत्र कुटुंब, जावा, पुतण्या, येणारे-जाणारे. छळबिळ काही नव्हता. सगळे एकमेकांच्या ताटात वाढत होते, एकमेकांवर ओरडत होते. भाऊजींची, म्हणजे ताईंच्या नवऱ्याची, गोल बाजारात कापडाचं दुकान होतं, भावांसोबतचं. शांत माणूस. मला आग्रहानं वरण वाढलं. ताई रात्री पुतण्यांबरोबर समोरच्या खोलीत झोपत, भाऊजी दोन भावांबरोबर वरच्या गच्चीलगतच्या खोलीत. घरात आडोसे होते, पडदे होते, पण लावून घेता येईल असं दार फक्त न्हाणीघराला. मुलगा भिलाईला इंजिनिअरिंगला. त्याला आईबद्दल विचारलं तर तो हसून म्हणाला, "मम्मी का मन है तो जाने दो ना दीदी."

 निवड झाल्यावर मी परत त्यांच्या घरी गेले, तेव्हा निघताना मी चप्पल घालत असताना भाऊजींनी हळूच विचारलं, "बेटा, तुमच्या ताई काहून जाऊन राहिल्या? तुमच्यापाशी काही बोलल्या?"

मी कडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते.

मग कागदांचे दिवस आले. ताईंचं शाळेत एक नाव, लग्नात सासरी ठेवलेलं दुसरं, आणि नर्सिंगच्या नोंदणीत दोन्हींची खिचडी. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला हवा, आणि इतक्या वर्षांत लग्नाची नोंदच केलेली नव्हती. त्यासाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. घरात ट्रंकभर फोटो होते. एकातही ते दोघं दोघंच नव्हते. प्रत्येकात किमान एक जाऊ, एखादं पुतणं, कोणाचं तरी डोकं.

मी त्यांच्यासोबत फोटो स्टुडिओत गेले होते, कारण नंतर मलाही माझे फोटो काढायचे होते. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोटोवाला म्हणाला, "भैया, थोड़ा पास." भाऊजी एक बोटभर सरकले. "और थोड़ा." भाऊजी ताईंकडे न पाहता म्हणाले, "इतना ठीक है." ताई एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं आणि फोटोवाल्याला थांबावं लागलं. त्या फोटोत ताईंचे डोळे ओले आणि भाऊजींचे घाबरलेले आहेत. तोच फोटो दाखल्यावर लागला.

व्हिसासाठी आम्ही दोघी मुंबईला गेलो. रेल्वेचा लांबचा प्रवास. ताईंनी डब्यातल्या एका बाईच्या नातवाचा ताप उतरवला आणि खिडकीची जागा मिळवली. तिथल्या केंद्रात बोटांचे ठसे, फोटो, कागदांचा गठ्ठा. काउंटरवरच्या मुलीनं ताईंचे कागद चाळता चाळता सहज विचारलं, "मॅम, हस्बंड भी जाएँगे?"

"पूछा है," ताई म्हणाल्या. "सोच रहे हैं."

ती मुलगी हसली. मीही हसले. ताई नेहमीच असं काहीतरी बोलतात, म्हणून मी ते सोडून दिलं.

ताईंचा व्हिसा आला. माझा आला नाही. माझ्या शिक्षणात प्रत्यक्ष कामाचे तास त्यांच्या हिशोबानं कमी भरत होते, ते इथल्या कॉलेजातून लिहून आणा, मग पाहू, असं उत्तर आलं. ज्या कॉलेजात मी शिकले ते आता दुसऱ्या नावानं चालत होतं, आणि तिथले लोक म्हणत जुन्याचं आम्हाला विचारू नका. मला काही समजेना. स्वप्न माझं, क्लास माझ्यासाठी लावलेला, आणि शिक्का दुसऱ्याच्या पासपोर्टवर. ताईंनी आधी सांगितलं, "बरं झालं. मी पहिले पाहून येते, मग तू ये." आणि त्याच संध्याकाळी फोन करून म्हणाल्या, "मी नाही जात. तू नाही तं मी तिथं कोणासोबत मराठी बोलू?" मी रात्रभर तळमळत पडले. सकाळी ड्यूटीवर गेले तर त्या राजीनाम्याचा अर्ज लिहीत होत्या.

त्या निघाल्या त्या सकाळी विमानतळावर अख्खं घर आलं होतं. जावा रडत होत्या, पुतण्या सेल्फी काढत होत्या. ताईंनी भाऊजींच्या शर्टाचं एक उघडं बटण लावलं आणि आत गेल्या. वळून पाहिलं की नाही, मला आठवत नाही. बाकीचे दोन गाड्यांतून परतले. मी भाऊजींसोबत दुकानाच्या व्हॅनमध्ये बसले, कारण त्यांना एकटं सोडावं असं कोणालाच वाटलं नाही आणि कोणी बसायलाही तयार नव्हतं.

शहराकडे वळायच्या ऐवजी भाऊजी सरळ नव्या रायपूरकडे निघाले. रुंद, रिकामे रस्ते. मला वाटलं काही काम असेल. एका मोठ्या चौकाला त्यांनी पूर्ण वळसा घातला, मग परत वळसा घातला.

"बेटा, आपण कुठं चाललो?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, गाडी तुम्ही चालवता."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. 

"लग्न झालं त्याच वर्षी ती म्हणे, एक खोली पाहू. किरायाची. दोघांचीच," ते म्हणाले. "म्या म्हटलं, भाऊ काय म्हणतील? मग अजून एकदा म्हणे. मग पोरगा झाला, मग म्हणणंच बंद केलं. मले वाटलं, विसरली." ते थांबले. "तिकडच्या खोलीचे कागद आले तेव्हा माह्यासमोर आणून ठेवले. म्हणे, चला तुम्हीबी. म्या हसलो. मले वाटलं, मजाक करून राहिली."

ते माझ्याकडे वळले.

"आता तुम्हीच सांगा, शिकलेल्या आहात. ती मले सोडून गेली का बोलावून गेली?"

 मी म्हटलं, "त्यांनाच विचारा ना."

"फोनवर?" ते घाबरून म्हणाले. "फोनवर कसं विचारू? सगळे ऐकतात."

पंधरवड्यानं भाऊजी रुग्णालयाच्या गेटपाशी माझी वाट पाहत उभे दिसले. तिकडे बायकोजवळ राहायला जायचं तर नवऱ्याला भाषेची सोपी परीक्षा द्यावी लागते असं त्यांनी कुठूनतरी काढलं होतं. "तो तुमचा क्लास," ते म्हणाले, "म्हाताऱ्यायले घेतात का?"

मला तसंही माझी भाषा टिकवायला क्लास सुरू ठेवायचा होता. म्हणून आता मी भाऊजींसोबत जाऊ लागले. घरी त्यांनी सांगितलं होतं की गुडघा शेकायला जातो. भाऊ बिचारे रोज गुडघ्याची चौकशी करत. एकानं तर राजनांदगावहून तेल आणलं. भाऊजी ते तेल लावत आणि अपराध्यासारखे बसत.

क्लासात त्यांच्या आजूबाजूला विशीतल्या नर्स पोरी. कुटुंबाची ओळख करून देण्याचा धडा होता. सगळ्यांनी आई, बाबा, भाऊ सांगितले. भाऊजींनी भाऊ सांगितले, वहिन्या सांगितल्या, पुतण्या सांगितल्या.

"अंकल, और वाइफ?" शिकवणारीनं विचारलं.

भाऊजींनी वहीची पानं उलटली.

"घर में वाइफ को क्या कहकर बुलाते हैं?"

"'सुनो' कहता हूँ," ते म्हणाले. पोरी हसल्या. तेही हसले, पण कान लाल झाले होते.

'माझी बायको' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायला किती आठवडे गेले मी मोजले नाहीत. मराठीतही निघत नसत. मी व्हॅनमध्ये सराव घ्यायचे. तुम्हाला का यायचं आहे? ते म्हणत, "तिकडे… घरचे आहेत." मी म्हणे, घरचे नाही भाऊजी, कोण? ते बाहेर पाहत. मग एका संध्याकाळी क्लासात, कोणी विचारलेलं नसताना, ते बाकावरून उभे राहिले, बोटांवर शब्द मोजले आणि जर्मनमध्ये पूर्ण वाक्य म्हणाले, की मला माझ्या बायकोजवळ राहायचं आहे. उच्चार चुकला. कोणी हसलं नाही. ते खाली बसले आणि रुमालानं मान पुसली.

परीक्षा पास झाल्यावर घरी सांगावंच लागलं. मोठ्या भावानं आठवडाभर बोलणं टाकलं. धाकटा म्हणाला, "मतलब घुटना ठीक था?" व्हिसा यायला फार वेळ लागला. थंडीत भाऊजी गेले.

माझ्या कॉलेजच्या तासांचा कागद शेवटी मिळाला, कसा मिळाला तो वेगळाच गोंधळ आहे, आणि माझा व्हिसा ह्या उन्हाळ्यात आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हातात आला तेव्हा मला धड हसूही येईना. बाबा आता थकले आहेत. वॉर्डात माझं बरं चाललं आहे. मला जायचं होतं हे आठवत होतं, का जायचं होतं ते आठवेना. मी दुपारी ताईंना व्हिडिओ कॉल लावला.

ताई ड्यूटीवरून आलेल्या दिसत होत्या. मागे भाऊजी स्वेटर घालून खिडकी बंद करत होते. ताईंनी मान न वळवता सांगितलं, "उघडी राहू द्या." भाऊजींनी उघडली. मग मला हात केला आणि बाहेर गेले, बहुतेक मला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

"ताई, माझा व्हिसा आला," मी म्हटलं. "येऊ का?"

 मी दोन्ही उत्तरांची तयारी ठेवली होती.

"तुले एक गोष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "मी इथं वर्षभर एकटी राहिली. पहिले तं रोज रडली. मग सवय झाली. दार लावायची, चहा करायची, बसून राहायची. कोणी आवाज द्यायचं नाही. इतकं चांगलं वाटे की मलेच भीती वाटे. आणि मग हे आले."

"पण तुम्हीच तर बोलावलं होतं ना?"

"हो ना. वीस-बावीस वर्षं बोलावून राहिली होती."

"मग आता? परत पाठवता का काय?"

"पागल आहे का तू?" ताई एकदम चिडल्या. मग त्यांनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "ज्या दिवशी हे आले ना, स्टेशनवर उतरले, हातात ती कापडाची बोचकी, आणि सगळ्या लोकायसमोर मले नावानं हाक मारली. मी तिथंच बसून रडली वं. बरं वाटलं म्हणून रडली का माही खोली गेली म्हणून रडली, मले अजूनपर्यंत नाही समजलं. तू ये, इथं राहून पाह्य आमच्याकडे, आणि तुले समजलं तं मले सांगजो."